एकोणीस गाड्यांचा एक डबा

एकोणीस गाड्यांना मिळून एकच डबा होता, आणि तो माझ्या पलंगाखाली राहायचा.

थापा मारायची मला खोड आहे, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. आमच्या गॅरेजच्या धुरानं एकदा उडता कावळा खोकत खाली आला आणि माझ्याकडे घोटभर कोमट पाणी मागून गेला, असं मी लोकांना शपथेवर सांगितलंय. आमच्याकडच्या माश्या नाकाला रुमाल बांधून हिंडतात, असंही सांगितलंय. पण डब्याच्या ह्या गोष्टीत मीठमसाला नाही. असता तर बरं झालं असतं, निदान चव तरी आली असती. हिला नुसता वास आहे.

माझा मुलगा गाड्यांचा मिस्त्री. पुढे गॅरेज, मागे दोन खोल्या. एकीत तो, एकीत मी. लग्न केलं नाही, गाडीशीच लागलंय म्हणतो. त्याच्याकडे साध्या गाड्या येत नाहीत. बुटक्या, रुंद, जमिनीला पोट घासत चालणाऱ्या गाड्या येतात, आणि त्यांचे मालक तसेच. चाळिशी उलटलेली, टक्कल पडलेलं, पण स्टिअरिंगमागे बसले की एकेक घोडनवरा.

आता डबा म्हणजे काय ते सांगते. गाडीच्या पोटाखाली, इंजिनाच्या जरा मागे, कॅटलिटिक कन्व्हर्टर नावाची वस्तू असते. ते नाव घेताना माझी कवळी सुटते, म्हणून मी डबा म्हणते. आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक जाळी असते. इंजिनातून निघालेला धूर त्या तापलेल्या जाळीतून जातो आणि बाहेर पडेपर्यंत त्यातलं बरंचसं विष मरतं. एवढं साधं काम. पण ह्या घोडनवऱ्यांना तो नको. गाडीचा श्वास कोंडतो म्हणे. माझा मुलगा डबा कापून काढायचा, तिथे सरळ नळी जोडायचा, आणि मग गाडी अशी बोंबलायची की शेजारणीच्या कपाटातले पेले नाचत कडेला यायचे.

"अरे, पण मिळतं काय ह्यातनं?" मी एकदा विचारलं.

"आई, चारशे घोड्यांची गाडी आहे. डबा काढला की आणखी बारा घोडे मिळतात."

"आणि बारा घोड्यांची लीद कोण भरतं?"

तो हसला. मीही हसले. तेव्हा हसायला येत होतं.

ह्या सगळ्यांचा म्होरक्या एक दातांचा डॉक्टर. मी त्याला दातवाला म्हणते. स्वच्छतेचा असा किडा की गॅरेजात पाऊल टाकताना बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवायचा. मी पाण्याचा पेला दिला की कडेवरून बोट फिरवून बघायचा. आणि हाच माणूस, गाडी सुरू केली की मागे जाऊन उभा राहायचा, डोळे मिटायचा आणि नाक वर करून धूर ओढायचा.

"आहाहा! आजी, हा खरा इंजिनाचा सुगंध!"

सुगंध म्हणे. कच्चं पेट्रोल, जळकी चिंधी आणि जिभेवर गंजकं नाणं ठेवल्यासारखी चव. घशाला चिकटून बसायचा तो वास, रात्री जेवताना घासाबरोबर खाली उतरायचा. नाक शिंकरलं की काळं. दुधावर साय यायची तीसुद्धा राखाडी. आणि ही धुतल्या हातांची माणसं त्या घाणीत उभी राहून एकमेकांच्या पाठीवर थापा मारायची. गटारात डुंबणारं डुक्कर निदान 'बघा माझी आंघोळ' म्हणून बोलावत तरी नाही.

पण वर्षातून एकदा धुराची तपासणी असते. गाडीखाली डबा नसेल तर कागद मिळत नाही, आणि कागद नसेल तर गाडी रस्त्यावर काढता येत नाही. ह्या लोकांनी आपापले डबे केव्हाच भंगारात घातलेले, कारण आतल्या धातूला भाव असतो. मग माझ्या मुलानं डोकं लढवलं. एक चांगला, धडधाकट डबा मिळवला. त्याच्या दोन्ही तोंडांना अशा चकत्या वेल्डिंग करून बसवल्या की त्यांच्या कुठल्याही गाडीला तो चारदोन बोल्टांत बसावा. तपासणीच्या आदल्या दिवशी बसवायचा, कागद मिळाला की काढायचा. मुलगी बघायला जाताना एकच कोट साऱ्या भावंडांनी आळीपाळीनं घालावा, तसं.

आणि तो कोट माझ्या पलंगाखाली. गॅरेजात कोणी ना कोणी डोकावतं, म्हातारीच्या पलंगाखाली कोण वाकणार?

"नाजूक शर्यतीचा भाग आहे, आई. जपून ठेव," एवढंच मला सांगितलं होतं. मला अर्धं कळत होतं, उरलेलं अर्धं कळून घ्यायचं नव्हतं. खरं सांगू? मला मजा वाटायची. दिवसभर भिंतीशी बोलणाऱ्या बाईकडे कोणीतरी यायचं, "आजी, डबा द्या हो," म्हणायचं, दोन घटका बसायचं. मी त्यांना कावळ्याची गोष्ट सांगायची. ते पोट धरून हसायचे आणि कावळ्याला खोकायला लावणारी गाडी घेऊन निघून जायचे.

पहिलाच माणूस डबा न्यायला येणार होता, पण परत कधी आणणार ते सांगेना. तेव्हा मी म्हटलं, हे काही खरं नाही. आपलं पातेलं शेजारी गेलं तर ते ओळखू यावं म्हणून माझ्या घरच्या प्रत्येक भांड्याच्या बुडाला मी खूण करते. खिळा नि हातोडी घेऊन तीन ठिपके आणि खाली एक आडवी रेघ. आईनं केली, मी केली. डब्यालाही केली. बुडाशीच, चांगली ठळक. मुलाला सांगितलंसुद्धा नाही, त्यात सांगण्यासारखं काय होतं?

आता माझी लेक. ह्या मुलाची धाकटी बहीण. ती काम करते धुराच्या तपासणी केंद्रात. गाडी लिफ्टवर चढवायची, खालून टॉर्च मारून डबा आहे का बघायचं, त्याचा फोटो काढायचा, मागच्या नळीत यंत्राची नळी घालायची, आकडे आले की कागदावर सही. तिच्या सहीला परवाना आहे. तो मिळवायला तिनं दोन परीक्षा दिल्या, दुसरी पोटुशी असताना. दर रविवारी ती माझ्याकडे यायची आणि माझ्या पलंगावर पाय सोडून बसायची. डब्याच्या बरोब्बर वर.

त्या रविवारी ती बसली नाही. उभ्या उभ्याच म्हणाली, "आई, तुझी कढई कुठंय?"

"काय करतेस? तळायचंय काही?"

तिनं कढई उचलली, पालथी केली. मग पिशवीतून कागद काढले. फोटो छापलेले होते. गाडीचं पोट, पोटात डबा, डब्यावर तीन ठिपके आणि खाली आडवी रेघ. दुसरा फोटो, दुसरी गाडी, तेच. तिसरा. तिनं कढई फोटोंच्या शेजारी ठेवली.

"मुख्य कचेरीत एक कारकून आहे," ती म्हणाली. "फोटो मोठे करून बघत बसतो. त्यानं पत्र पाठवलंय, की एकोणीस वेगवेगळ्या गाड्यांवर ही एकच खूण कशी, ही कुठल्या कंपनीची? गुरुवारी साहेब येणार आहेत. समाधानकारक उत्तर नसेल तर माझा परवाना कायमचा रद्द."

मी लगेच सुरुवात केली, "अगं, त्याची एक गंमतच झाली. एक फेरीवाला आला होता, एका डोळ्यानं आंधळा, तो म्हणाला..."

"आई. गोष्ट नको."

मी पलंगाखाली वाकले आणि डबा बाहेर ओढला.

शिवी दिली असती तरी चाललं असतं. तिनं फक्त बोट ठिपक्यांवरून फिरवलं, काळं झालेलं बोट बघितलं आणि पदराऐवजी माझ्या चादरीला पुसलं.

"एकोणीस वेळा सही केली मी," ती म्हणाली. "दिवसाला चाळीस गाड्या. मी डबा आहे का बघितलं. कोणता डबा ते बघितलंच नाही. आणि आता कोणाला खरं वाटणार आहे की मला माहीत नव्हतं? खूण माझ्या आईची, वेल्डिंग माझ्या भावाचं!"

तेवढ्यात तिचा भाऊ हात पुसत आत आला. डबा बाहेर बघून त्याचा चेहरा पडला, पण क्षणभरच.

"झालं ते झालं," तो म्हणाला. "डबा द्या इकडे. कापून तुकडे करतो. पुरावाच राहणार नाही."

"आणि फोटो, दादा?"

"चूक झाली म्हण. नजरचूक. कोणाची होत नाही?"

"नजरचूक एकदा होते. एकोणीस वेळा झाली की तिला धंदा म्हणतात."

"तू उगाच आभाळ कोसळल्यासारखं करतेस. अख्खं शहर धूर सोडतंय. कारखाने आहेत, ट्रक आहेत. माझ्या एकोणीस गाड्यांनी काय होणार?"

"तुला माहीत नाही काय होतं? तुझ्या त्या एका गाडीतून जेवढं विष निघतं ना, तेवढं कितीतरी धड गाड्या मिळून सोडत नाहीत. यंत्राची नळी मी घालते, आकडे मी बघते. आणि आमच्या फाटकासमोर सिग्नल आहे. तिथे बायका बाबागाड्या घेऊन उभ्या असतात. कधी बघितलंयस, बाबागाडीत बाळाचं नाक किती उंचीवर असतं? तुझ्या नळीच्या तोंडाशी!"

"हौसेची माणसं आहेत गं ती. वाईट नाहीत."

"हौस त्यांची, आणि फुप्फुस दुसऱ्याचं?"

त्यानं माझ्याकडे वळून हात पुढे केला. "आई, दे तो डबा."

मी डबा पायानं मागे सारला आणि पलंगावर बसले. "माझ्या खोलीतली वस्तू आहे. माझी खूण आहे तिच्यावर. मला ठरवू दे."

"काय ठरवणार तू? गुरुवारी दातवाल्याची तपासणी आहे, त्याला हवाय."

"मग त्याला काय सांगायचं ते मी बघते."

लेक निघून गेली. जाताना नेहमीसारखं "येते" म्हणाली नाही.

बुधवारी दातवाला आला. बुटांवर पिशव्या, हातात संत्री. "आजी, डबा द्या."

"डबा नाही. माझ्या लेकीचा परवाना जातोय तुमच्यापायी. साहेबासमोर उभे राहा आणि खरं सांगा."

संत्र्यांची पिशवी त्यानं दिली नाही, हातातच धरून ठेवली. "आजी, मला ह्यात घेऊ नका. माझं नाव आहे गावात. रोगी येतात माझ्याकडे. तुमच्या मुलीनं नीट बघायला हवं होतं, नाही का?" आणि खिशातून बाटली काढून हात चोळले. मी हात लावलाही नव्हता.

त्या क्षणी मला जी शिसारी आली ती धुराची नव्हती. धूर निदान आंधळा असतो. हा माणूस दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडात वाकून किडका दात शोधतो.

गुरुवारी सकाळी मी डबा बाजाराच्या पिशवीत घातला. चांगला पाच किलोचा ऐवज. पिशवीचे बंद बोटांत रुतले. बसमध्ये शेजारच्या बाईनं विचारलं, "काय एवढं जड?" म्हटलं, "लेकीची इज्जत." ती उठून दुसरीकडे जाऊन बसली.

तपासणी केंद्रात काचेच्या खोलीत साहेब बसलेला. बारीक, चष्मेवाला, समोर फोटोंची रांग. लेक भिंतीशी उभी. एका खुर्चीवर दातवाला, त्याचीही गाडी फोटोंत होती म्हणून साहेबानं बोलावलेला. बुटांवर आज पिशव्या नव्हत्या, साहेबासमोर कसं दिसेल ते? त्याची गाडी बाहेर उभी, लिफ्टवर चढवायचं धाडस मात्र झालं नव्हतं.

"असा डबा मी आयुष्यात बघितलेला नाही," तो साहेबाला सांगत होता. "माझ्या गाडीखाली काय आहे ते मिस्त्री लोक जाणोत. मी बिचारा दातांचा माणूस."

मी डबा टेबलावर आदळला. साहेबाच्या चहाची बशी उडाली.

"बघितला नाहीस? माझ्या पलंगाखालून स्वतःच्या हातानं ओढून नेलास! साहेब, ह्या डब्यानं शंभर गाड्या पास केल्यात. दोनशे असतील! गेल्या महिन्यात तर तो आपला आपण चालत तपासणीला..."

"एकोणीस, आई," लेक भिंतीपासूनच म्हणाली.

साहेबानं चष्म्यावरून आमच्याकडे बघितलं. दातवाला हसला. "बघा साहेब. म्हाताऱ्या आहेत. गल्लीभर थापांसाठी प्रसिद्ध आहेत. कावळ्याला पाणी पाजतात."

जन्मभर ज्या गोष्टींवर लोकांना हसवलं त्या माझ्याच गळ्याशी आल्या. खरं कसं बोलायचं असतं, किती हळू, कुठून सुरू करायचं, काही सुचेना.

"हातोडी आहे का?" मी विचारलं. "आणि खिळा?"

लेकीनं आणून दिली. साहेबाच्या टेबलावर त्याचा स्टीलचा जेवणाचा डबा होता. तो उचलून पालथा केला.

"अहो, अहो! माझा..."

टक, टक, टक. आणि खाली रेघ. साहेबानं फोटो उचलला, आपल्या डब्याशी नेला, मग टेबलावरच्या काळ्या डब्याशी. तिन्ही ठिकाणी पहिला ठिपका जरा वरच, कारण माझं मनगट लहानपणी मोडलेलं आहे आणि पहिला घाव नेहमी उडतो.

आता कोणी हसलं नाही.

"म्हणजे खूण तुमची," साहेब म्हणाला. "मुलीला माहीत होतं?"

"नाही. ती दर रविवारी त्यावर बसायची, तरी माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही."

"आणि ह्या चकत्या? हे काम साध्या माणसाचं नाही. कोणी केलं?"

तेव्हा मला कळलं की मी इथे काय करायला आले होते. घरून निघताना फक्त लेकीला सोडवायचं, एवढंच मनात होतं. तिला सोडवायला दुसऱ्याला द्यावं लागेल हे बसमध्ये सुचलं नव्हतं, की सुचू दिलं नव्हतं कोण जाणे. लेक माझ्याकडे बघत नव्हती, जमिनीकडे बघत होती. सांग म्हणाली नाही, सांगू नको म्हणाली नाही. एक फेरीवाला होता, एका डोळ्यानं आंधळा; अख्खी गोष्ट जिभेवर तयार होती.

"माझ्या मुलानं," मी म्हटलं.

"आणि ह्यांची गाडी?"

"ती बाहेर उभीच आहे. लिफ्टवर घ्या आणि खाली बघा."

दातवाला उठला. त्याला रोग्याची वेळ आठवली. साहेबानं किल्ली मागितली तेव्हा त्याच्या हाताला घाम सुटलेला होता. किल्ली त्यानं रुमालानं पुसून दिली, त्या वेळीसुद्धा! गाडी लिफ्टवर चढली. पोटाखाली सरळ नळी, गुळगुळीत, चकचकीत, माझ्या मुलाच्या हातचं सुबक वेल्डिंग. लेकीनं गाडी सुरू करून यंत्राची नळी मागे घातली आणि आकडे वर चढत गेले, चढतच गेले. काचेच्या खोलीत तो वास शिरला. साहेबानं नाकाला रुमाल लावला. दातवाल्यानंही लावला.

"का हो?" मी म्हटलं. "सुगंध आहे ना!"

निकाल असा झाला. लेकीनं नीट बघितलं नाही ही तिची चूक, म्हणून दोन महिने सही बंद. परवाना मात्र राहिला. एकोणीस गाड्या खरे डबे बसेपर्यंत रस्त्यावर काढायच्या नाहीत. आणि ते डबे माझ्या मुलानं आपल्या अंगमेहनतीनं, मजुरी न घेता बसवायचे. शेवटचा बसेपर्यंत दुसरं काम घ्यायचं नाही. जबाब मी माझ्या हातानं लिहिला. लेक खांद्यावरून वाचत होती. दोन ठिकाणी तिनं मला खोडायला लावलं.

मुलगा आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. ताट वाढलं की भिंतीकडे तोंड करून जेवायचा. नवव्या दिवशी मीच म्हटलं, "किती दिवस भिंत चाटणार आहेस?"

"तू माझं नाव घेतलंस, आई. परक्या माणसासमोर."

"घेतलं. ठेवलंही मीच होतं."

"माझ्या हातात कला आहे म्हणायचीस तू. लोकांना सांगायचीस."

"आहेच. म्हणून तर जास्त किळस येते. वाकड्या हाताच्या माणसानं घाण केली असती तर म्हटलं असतं, बिचाऱ्याला येत नाही."

त्यानं घास खाली ठेवला आणि पहिल्यांदा माझ्याकडे वळला. राग नव्हता तोंडावर. त्याला खरंच विचारायचं होतं.

"आणि तुला गं? इतकी वर्षं इथेच झोपतेस, गॅरेजला चिकटून. तुला कधी वास आला नाही?"

आला होता असं सांगायचं, की नाही असं?

"आला होता," मी म्हटलं. "रोज यायचा. मी खिडकी लावून घ्यायचे."

तो उरलेलं जेवला, ताट स्वतः धुतलं आणि पुढे गेला. पहिला खरा डबा सकाळीच आला होता, दातवाल्याच्या गाडीचा. थोड्या वेळानं बोल्ट आवळल्याचा आवाज येऊ लागला. मग थांबला. मग त्यानं हाक मारली, "आई, टॉर्च धरायला ये. आणि खालून नीट बघ, बसलाय का."

मी कंबर धरून उठले आणि गाडीखाली वाकले.